सुंठवडा आधी बाळंतिणीला

देवांचं एक बरं असतं, त्यांच्या जन्माची वेळ पंचांगात छापलेली असते. रामजन्म भर दुपारी, कृष्णजन्म मध्यरात्री, नरसिंह आणि दत्त दिवेलागणीच्या सुमाराला, आणि आमचा मारुती सूर्य उगवताना. कळा लांबत नाहीत, जीप शोधावी लागत नाही, मूल आडवं नसतं. माणसांची लेकरं मात्र रात्री दोन-अडीचला येतात, आणि तीही लाइट गेलेली असताना. हे मी अनुभवानं सांगते. माझी सगळी नोकरी जालना जिल्ह्यात उपकेंद्रावरची नर्स म्हणून गेली. सरकारी कागदावर एएनएम, गावच्या तोंडी शिष्टर. आता निवृत्त होऊन अंबड तालुक्यात सासरच्या गावी राहते आणि दर चैत्रात सगळ्या गावाबरोबर एक बाळंतपण करते. मारुतीचं.

रामनवमी ते चैत्री पौर्णिमा हा आमच्या गावचा सप्ताह. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथ्यावरचं भजन, सांजच्याला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि नंतर जागर. नवमीला वीणा गळ्यात घेतली की पौर्णिमेपर्यंत ती खाली टेकवायची नाही, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लावलेल्या असतात. गहू-ज्वारी घरात आलेली असते, पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, लग्नसराई तोंडावर आलेली असते, आणि ऊन असं की दहाच्या पुढं रानात कुणी टिकत नाही. गावाला एवढी सवड वर्षात परत मिळत नाही.

नवमीला आम्ही काही जणी जांबला जाऊन येतो. जांब समर्थ, तालुका घनसावंगी. समर्थ रामदासांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ सालचा, तोही रामनवमीच्या दुपारचा, म्हणजे तिथं त्या दिवशी एकाच वेळेला दोन जन्म साजरे होतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी घरातलं माणूस हरवल्यासारखा जीव टांगणीला लावून घेतला होता. पुढं पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या. आमच्या जाऊबाईंचं जांबच्या बाबतीत एक जुनं दुखणं आहे. "माणूस आपल्याकडचा, अन् अकरा मारुती सगळे तिकडं, सातारा-सांगली-कोल्हापूरकडं. एखादा इकडं बसवला असता तर काय बिघडलं असतं?" मी म्हणते, आपल्या वेशीत आहे की एक. त्या म्हणतात, "त्याची गोष्ट येगळी. तो समर्थांचा नाही, आपला हाय."

तर हा आपला मारुती. वेशीजवळ, पिंपळाच्या पारावर, दक्षिणेला तोंड करून. नाकडोळे शेंदराच्या थरांखाली केव्हाच गडप झाले, आता फक्त ठेवण कळते. वर्षभर तो गड्यांचा देव आहे. पारावर पंचायत बसते ती त्याच्यासमोर, तालमीतली पोरं अंगाला माती लावण्याआधी पाया पडतात ती त्याच्या, नवरदेवाचा परण्या निघतो तो त्याच्याकडं. शनिवारी रुईच्या पानांची माळ आणि तेल घेऊन येतात तेही बाप्येच. बायकांनी उंबऱ्याबाहेरून हात जोडायचे, ब्रह्मचारी आहे म्हणून. मी सून होऊन आले त्या पहिल्याच शनिवारी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे मला नीट समजावून सांगितलं होतं. मी वाद घातला नाही. गाभाऱ्यात इतकं तेल सांडलेलं असतं की बाहेर उभं राहणंच शहाणपणाचं.

पण पौर्णिमेच्या पहाटे या ब्रह्मचाऱ्याला बायकांशिवाय भागत नाही. जन्म म्हटला की पाळणा आला, पाळणा म्हटला की दोरी आली, आणि दोरी ओढायला एकही बाप्या पुढं होत नाही. वर्षभर उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या बायका त्या दिवशी सभामंडपाच्या मधोमध बसतात आणि माणसं कडेला सरकून जागा करून देतात. हे मला पहिल्या वर्षापासून फार गमतीचं वाटत आलेलं आहे.

पाळणा सागवानी, कुणाच्या तरी घरचा जुना. नवमीला त्यात राम झोपतो, पौर्णिमेला मारुती. बाळ म्हणजे नारळ. शेंडी राखलेला, पाण्यानं भरलेला, हलवला तर आत डुबुक आवाज येणारा. तो गुंडाळायचं काम माझ्याकडं आलेलं आहे आणि ते मी कुणाला देत नाही. धुतलेलं मऊ सुती धोतर घ्यायचं, चौकोनी घडी घालायची, एक टोक डोक्यावरून दुमडायचं, डावी बाजू छातीवरून आणून पाठीखाली खोचायची, खालचं टोक वर घ्यायचं, मग उजवी बाजू. अगदी उपकेंद्रात तान्ही लेकरं गुंडाळायचे तसं. वरून टोपडं, कपाळावर काजळाची तीट. नारळाचे तीन डोळे वर आले पाहिजेत, नाहीतर बाळ पालथं झोपवलं म्हणून म्हाताऱ्या ओरडतात. आणि कापड सैल राहिलं तर मलाच चैन पडत नाही. चैत्र असला तरी पहाटेचं वारं असतं. नारळाला कसली थंडी वाजतेय, हे मला कळतं. हाताला कळत नाही.

जन्माचं कीर्तन काकड्याच्या मागोमाग सुरू होतं. महाराजांचं सगळं कसब वेळ साधण्यात असतं. चैत्रात आमच्याकडं सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो, त्या मिनिटाला गोष्ट बरोबर जन्मावर यायला पाहिजे. लवकर आली तर अभंग घोळवायचा, उशीर होत असला तर दृष्टांत गाळायचे. मंदिराचं तोंड दक्षिणेला, पुढं पत्र्याचा मंडप, त्यामुळं पूर्व काही दिसत नाही. म्हणून एक पोरगं गावच्या पाण्याच्या टाकीवर चढवलेलं असतं. त्याची "निघाऽऽला" अशी हाळी आली की गुलाल उधळायचा, शंख फुंकायचे, हातातल्या झेंडूच्या पाकळ्या फेकायच्या. एका वर्षी आभाळाच्या कडेला धुरकट होतं. पंचांगातली वेळ टळली, महाराजांनी डोळ्यानं खुणावलं, मृदंगवाला हात उचलून तयार, आणि टाकीवरून काही आवाजच नाही. लोक चुळबुळायला लागले. मागून एक आजी म्हणाल्या, "ओ शिष्टर, कळा थांबल्या का काय?" सगळा मंडप हसला आणि त्या हशातच पोरगं ओरडलं.

महाराज गोष्ट सांगतात ती पायसाची. दशरथानं पुत्रकामेष्टी यज्ञ केला, पायस मिळालं, तिन्ही राण्यांना वाटलं. कैकेयी रुसून बसली, तेवढ्यात एक घार आली आणि तिच्या हातातला पिंड उचलून घेऊन गेली. तो वाऱ्यानं येऊन पडला अंजनीच्या ओंजळीत. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या भावार्थ रामायणात ही घार आहे, आणि गोदावरी पैठणहून आमच्याच शिवाराकडं वाहत येत असल्यामुळं ती आमच्या भागातल्या प्रत्येक कीर्तनात असते. एकाच पायसाचा वाटा म्हणून मारुती रामाचा भाऊ ठरतो. बायकांना ही गोष्ट आवडते, कारण त्यात वाटपावरून झालेलं भांडण आहे आणि कौसल्या-सुमित्रेनं आपल्यातलं काढून कैकेयीला दिलेलं आहे. भावकीत असं कोण देतं!

जन्म झाला की पाळणा. पाच जणी दोरीला, बाकीच्या गाण्याला. मग बाळ पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत. मारुतीच्या बारशाला गोविंद-गोपाळ कशाला, असं कुणी विचारत नाही. घरी म्हणतो तसंच इथं म्हणायचं. नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, आणि मारुतीची आत्या कोण यावर दर वर्षी काथ्याकूट होतो. वायूची बहीण कोण, हे महाराजांनाही सांगता आलेलं नाही. शेवटी जी कुणी त्या वर्षी गावात माहेरपणाला आलेली असते तिची पाठ पुढं केली जाते.

आता सुंठवड्याचं. रामनवमीला, गोकुळाष्टमीला, हनुमान जयंतीला प्रसाद हाच. पेढे-बर्फी नाही, लाडू नाहीत, नेमका सुंठवडा, कारण तो बाळंतिणीचा खाऊ आहे. देवाच्या घरी बाळंतपण झालंय तर घरात जे करतात तेच करायचं, एवढा साधा हिशेब. आमच्याकडं एक वाटी सुंठेला चार वाट्या सुकं खोबरं आणि तेवढीच पिठीसाखर घेतात. खोबरं किसून मंद आचेवर तांबूस होईस्तोवर परतायचं, खसखस तडतडू द्यायची, खारकेची पूड, थोडा वेलदोडा, आणि बाळंतशेपा भाजून जाडसर कुटून. शहरात बडीशेप घालतात, त्याला तो वास येत नाही. बाळंतशेपाच पाहिजे. सुंठ मिक्सरमधून काढली तर तिच्या शिरा राहतात आणि घशाला टोचतात. म्हणून खलबत्ता, आणि त्यानंतर पातळ फडक्यातून गाळायची. सुंठ गाळताना घरातला प्रत्येक जण शिंकतो, पाहुणेसुद्धा. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावरच साखर घालायची, नाहीतर गोळा होतो आणि वाटताना चमचा अडकतो. दुपारी चाळीस डिग्रीच्या पुढं जाणाऱ्या उन्हात हा उष्ण पदार्थ चिमूटभरच खायचा असतो, तरी पोरं दोन-दोनदा हात पुढं करतात.

या सुंठवड्यावरूनच माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरायला लागली. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात मारुतीच्या जन्माची हकिगत आहे. त्यात घार नाही. त्यात असं आहे की अंजनी बाळंत झाली आणि फळं आणायला रानात गेली. बाळ एकटं. त्याला भूक लागली, ते रडायला लागलं, समोर जास्वंदीच्या फुलासारखा लाल सूर्य उगवत होता, ते फळ वाटून त्यानं झेप घेतली. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. नेमका तो ग्रहणाचा दिवस, राहू तक्रार घेऊन इंद्राकडं गेला, इंद्रानं वज्र हाणलं, हनुवटीला लागलं, बाळ डोंगरावर कोसळलं. मग वायूनं लेकराला उचलून गुहेत नेलं आणि स्वतः वाहायचं थांबला. सगळ्या जिवांचा श्वास कोंडला, तेव्हा ब्रह्मदेवासकट सगळे देव आले आणि एकेकानं वर दिले. कीर्तनात भर असतो तो झेपेवर, वज्रावर, वरांवर. झेप घेतली म्हटलं की पोरं टाळ्या वाजवतात.

मला मात्र पहिल्याच ओळीला ठेच लागते. बाळंत झालेली बाई स्वतःच रानात फळं आणायला कशी गेली? हिला कुणी नव्हतं का? आमच्या रजिस्टरच्या भाषेत सांगायचं तर प्रसूतीनंतर माता विश्रांतीत नाही, आहार नाही, सोबत नातेवाईक नाही, बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजलेलं नाही. सूर्याला फळ समजून झेपावण्यात पराक्रम असेल, पण आधी भूक आहे. तान्ही लेकरं भुकेली झाली की उजेडाकडं तोंड करून ओठ हलवतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की ती गोष्ट वाचल्यावर मला नवल वाटलं नाही.

पूर्वी आमच्या भागात पहिलं दूध, म्हणजे चीक, पिळून टाकायची रीत होती. वाईट असतो म्हणत. लेकराला गुळाचं पाणी नाहीतर मध चाटवायचे आणि दोन-तीन दिवसांनी अंगावर घ्यायचे. नोकरीतली पहिली बरीच वर्षं माझं निम्मं भांडण या एकाच गोष्टीवरून झालं. सुईणबाईंशी, सासवांशी, कधी कधी खुद्द बाळंतिणीशी. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं म्हणून. भात द्यायचा नाही, सर्दी होते म्हणून. भाजी नको, लेकराला बाधते म्हणून. पाच दिवस तिनं काय खायचं, याचं उत्तर कुणाकडं नसायचं. देवाच्या आईसाठी गावानं पातेलं भरून सुंठवडा करावा आणि घरच्या आईला चहात बुडवून टोस्ट द्यावा, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दुसरं म्हणजे चैत्र हा आमच्याकडं ऊसतोडीवरून माणसं परत यायचा महिना. दिवाळीच्या आगंमागं मुकादमाची उचल घेऊन जोडपी निघतात ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर. नवराबायको मिळून एक कोयता. दिवस गेलेल्या बाया तशाच जातात, कारण तिनं नाही म्हटलं तर कोयता मोडतो आणि उचल अंगावर राहते. काही जणी तिथंच, फडाच्या कडेला कोपीत, बाळंत होतात. कारखान्याचा हंगाम संपत आला की गाडी गावात येते. बायांच्या कडेवर महिन्या-दीड महिन्याचं लेकरू असतं आणि त्याच्या नावाचं कार्ड नसतं, लस नसते, वजन कुणी केलेलं नसतं. एकीला मी विचारलं होतं, बाळंत झाल्यावर किती दिवस बसलीस? ती म्हणाली, "बसायला कोण देतं, बाई? दुसऱ्या हप्त्याला मोळ्या बांधल्या की." आणि लेकरू? "उसाच्या पाचटावर निजवायची. रडलं की जायची."

त्या वर्षीच्या पौर्णिमेला महाराज अंजनीचं सांगत होते तेव्हा ती बाई माझ्यापासून दोन ओळी पुढं, लेकराला पदराखाली घेऊन बसली होती. झेपेचा प्रसंग आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीर्तन संपल्यावर मी महाराजांना गाठलं. म्हटलं, महाराज, अंजनी फळं आणायला गेली तेवढं एक वाक्य जरा थांबून सांगत जा. ते चांगले माणूस आहेत, वयानं माझ्या भावाएवढे. "का हो बाई?" म्हणाले. मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले, "लोकांना मारुती पाहिजे असतो, बाई. अंजनी अर्ध्या मिनिटात उरकावी लागते." हेही खरंच आहे. तरी पुढच्या वर्षी त्यांनी ती दोन मिनिटं घेतली, आणि टाकीवरचं पोरगं आधी ओरडल्यामुळं थोडी घाई झाली.

आता सोयराची गोष्ट सांगते. आमचं अर्धं गाव एका आडनावाचं. भावकीत कुणाकडं मूल झालं की दहा दिवस सोयर, देवाला शिवायचं नाही. एका वर्षी पौर्णिमेच्या आदल्या रात्री त्या भावकीतली एक सून आरोग्य केंद्रात बाळंत झाली. मुलगी. आता पंचाईत अशी की विणेकरी भावकीतला, मृदंगवाला भावकीतला, पंगतीचे वाढपी निम्मे भावकीतले. पहाटे तीनला पारावर बैठक बसली. महाराजांनी चट्‌दिशी निकाल दिला. एकदा व्रत सुरू झालं, संकल्प झाला, वीणा उभी राहिली की मधे सोयर-सुतक लागत नाही. शास्त्रच आहे तसं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पण त्या सुनेच्या सासूचं काय? त्या वर्षी सुंठवड्याचा मान तिच्या घरी होता. तिनं आदल्या दुपारीच पातेलं भरून करून ठेवला होता. संकल्प गड्यांनी सोडलेला, तिनं नाही. एक जण म्हणाले, "शिष्टर, देवाचं काम हाय. सोयराच्या घरचं कसं चालंल?"

मी म्हणाले, "आज देवाच्या घरी काय झालंय?"

"काय म्हंजी? जन्म."

"मग त्याचं सोयर कोण पाळतंय? तुम्ही तर गुलाल लावून थेट गाभाऱ्यात."

"देवाला सोयर नसतं, बाई."

"देवाला नसंल. अंजनीला?"

यावर कुणी बोललं नाही, पण मान काही मिळाला नाही. तासाभरात दुसऱ्या घरून घाईघाईनं साखर-खोबऱ्यात सुंठ कालवून आणली. बाळंतशेपा नाही, खसखस नाही, साखर नीट मिसळलेली नाही. लोकांनी तीच चाटली. आणि इकडं एवढं निगुतीनं केलेलं पातेलं त्या सासूच्या ओट्यावर झाकून पडलेलं. ती बाई रडवेली होऊन म्हणाली, आता याचं करू काय? आत्याबाई तेव्हा होत्या. त्यांनी आयुष्यात कधी मला पाठिंबा दिल्याचं आठवत नाही, पण त्या दिवशी म्हणाल्या, "काय करू म्हंजी? जिच्यासाठी असतो तिला दे." डबा भरला, मी तो आरोग्य केंद्रात घेऊन गेले. सून रात्रभर जागी, तोंड सुकलेलं, शेजारी लेक गुंडाळलेली. तिनं चमच्यानं नाही, मुठीनं खाल्ला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत पद्धत पडलीय. पौर्णिमेचा सुंठवडा झाला की पहिल्यांदा त्यातून पुड्या बांधायच्या, गावात ज्या ज्या घरी बाळंतीण असेल तिथं जायच्या, सोयराचं घर असलं तरी, मग उरलेलं देवापुढं. गावच्या आशा कार्यकर्तीकडं यादी असतेच, ती फोनवर पाठवते. ऊसतोडीवरून आलेल्यांची नावं तिच्या यादीत कधी नसतात, ती मीच तांड्यावर आणि वस्तीवर चक्कर मारून गोळा करते, त्या निमित्तानं लसीचंही बोलून होतं. देवाआधी माणसाला कसं, असं म्हणणारे आहेत. दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. जाऊबाईंनी त्यांच्यासाठी उत्तर तयार ठेवलंय. त्या म्हणतात, मारुती तान्हा हाय, त्याला दात कुठंयत सुंठवडा खायला?

बाकी हनुमान जयंतीबद्दल दर वर्षी मोबाइलवर वाद येतात ते मी वाचून सोडून देते. जन्म अंजनेरीचा, की हंपीजवळच्या अंजनाद्रीचा, की तिरुमलाच्या डोंगरावरचा? तिन्हीकडची माणसं पुरावे देतात. तिथीही सगळीकडं एक नाही. आपल्याकडं चैत्री पौर्णिमा, उत्तरेत काही ठिकाणी दिवाळीतली चतुर्दशी, तमिळ लोकांची मार्गशीर्षाकडं. जन्मदाखल्यावर ठिकाण आणि तारीख चुकली तर काय काय होतं, हे मी तहसीलच्या रांगेत पाहिलेलं आहे, पण देवाचं त्यावाचून अडलेलं दिसत नाही. माझा भाचा छत्रपती संभाजीनगरला असतो, तो आणि त्याचे मित्र आदल्या रात्री पायी खुलताबादला जातात, भद्रा मारुतीला. दौलताबादच्या किल्ल्याशेजारून घाट चढत, हजारो माणसं. तो मारुती निजलेला आहे. भाच्याला मी म्हटलं, झोपलेल्या देवाला तुम्ही इतकी माणसं रात्रभर ओरडत जाऊन उठवता होय? तो म्हणाला, "मावशी, वाटेत जागोजागी पोहे आणि चहा फुकट असतो." म्हणजे तिकडचंही कारण कळलं.

पौर्णिमेला दुपारी काल्याचं कीर्तन आणि पंगत. वरण, पोळ्या, बुंदी, वांग्याची भाजी. संध्याकाळी कुस्त्या. पातेली घासायला परत बायकाच, आणि दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर.

यंदा सुंठवड्याचा मान त्याच घरी फिरून आलाय. ती मुलगी आता मोठी झालीय, शाळेत जाते, आजीला खोबरं किसून देते आणि निम्मं तोंडात टाकते. परवा मला विचारायला आली होती, आजी म्हणते एक वाटी सुंठ, आई म्हणते पाऊण, किती घालू? मी म्हटलं, आईचं ऐक, पण पुड्यांसाठीचा वेगळा काढ आणि त्यात खारीक जास्त घाल. वस्तीवरच्या दोघी अंगावर पाजणाऱ्या आहेत, त्यांना चिमूटभरानं काय होणार, वाटीभर तरी गेला पाहिजे. आणि बाळंतशेपा अंबडहून आण, इथल्या दुकानातला जुना आहे, त्याला वास नाही.